ओढचाचणीच्या अहवालावर भाष्य

पोलादावरच्या रंगाची पकड तपासली की हाती येतो तो जेमतेम पाच-सहा ओळींचा अहवाल. त्यातला आकडा सगळे वाचतात. त्याच्या खालची ओळ मात्र फार थोडे वाचतात, आणि निर्णय तिच्यातच असतो. पुढच्या ओळी अशा अहवालांच्या नेहमीच्या साच्यावर भाष्यापुरत्या रचल्या आहेत.

«पृष्ठभाग: ब्लास्टिंग, एसए २½.»
ही प्रत नुसत्या डोळ्यांनी ठरते. तेल, धूळ दिसत नाही. गंज आणि खपली गेली आहे, राहिलेच तर फिकट डाग. पण पृष्ठ किती खरबरीत आहे हे ही ओळ सांगत नाही, आणि क्षारांबद्दलही ती गप्प आहे. कोकणातल्या खाडीपुलावर तर क्षारांचीच चौकशी आधी हवी. स्वच्छ दिसणाऱ्या पोलादावरचे मीठ रंगातून पाणी खेचते आणि फोड येतात. त्यासाठी ब्रेसल पट्टीची वेगळी चाचणी आहे. तिची नोंद नसेल तर ही ओळ अपुरी समजावी.

«कोरडा थर: २८० मायक्रॉन.»
ब्लेडने चौकटी कापून टेप ओढण्याची चाचणी आयएसओ २४०९ नुसार २५० मायक्रॉनपर्यंतच चालते. म्हणून इथे डॉली, म्हणजे रंगावर गोंदाने चिकटवून सरळ ओढून काढायची धातूची चकती.

«डॉली: २० मिमी, कडेने काप घेतला.»
काप न घेतल्यास भोवतालचा रंगही भार उचलतो. घेतल्यास कापाच्या कडेला बारीक तडे जाऊन आकडा घसरू शकतो. दोन्हींना बाजू आहे, पण नोंद हवीच. ती नसेल तर दोन अहवालांची तुलना करू नये.

«ताण: ७.२ मेगापास्कल.»
२० मिमीच्या डॉलीचे क्षेत्रफळ ३१४ चौरस मिमी. म्हणजे साधारण २३० किलो वजन टांगल्याइतकी ओढ. आकडा भारदस्त आहे, पण तो कशाची ताकद सांगतो? सर्वांत आधी जे तुटले, त्याची.

«तुटले: बी ४०%, वाय ६०%.»
अहवालाचा प्राण इथे आहे. आयएसओ ४६२४ च्या खुणांत ए म्हणजे धातू, बी पहिला थर (इथे प्रायमर), वाय डॉलीचा गोंद. ४० टक्के भागात प्रायमर स्वतःच्या पोटात फाटला, बाकी ठिकाणी गोंद फाटला. ए/बी, म्हणजे पोलाद आणि प्रायमर यांची सांधरेषा, कुठेच सुटली नाही. तिची ताकद या चाचणीने मोजलेलीच नाही, ती ७.२ पेक्षा कमी नाही, एवढेच कळले. उलट ७.२ वरच डॉलीखाली उघडे पोलाद चमकले असते, तर तोच आकडा मला अस्वस्थ करणारा ठरला असता: तयारीत खोट असेल तर ती पुलाच्या दुसऱ्या भागात आणखी कमी ताणावर उघडी पडू शकते. आणि सगळीच तूट गोंदात किंवा गोंद-रंगाच्या सांध्यावर असती, तर बहुधा गोंद नीट सुकला नव्हता किंवा रंगाची चकाकी घासून काढली नव्हती. अपेक्षित ताणाच्या आत असे झाले, तर चाचणी पुन्हा घ्यावी.

«शेरा: पकड समाधानकारक.»
हा शेरा मी असा लिहून घेतला असता: «कोरड्या अवस्थेत, तपासलेल्या जागी, पोलाद-प्रायमर पकड किमान ७.२ मेगापास्कल.» ओल मुरल्यावर पकड घटते, म्हणून भिजवलेल्या नमुन्याची चाचणी वेगळी मागावी. डॉलीने उघड्या पडलेल्या जागा त्याच दिवशी दुरुस्त केल्या की नाही, हेही शेऱ्यात यायला हवे.