ताटी आणि गारवा

मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांमुळे 'ताटी' हा शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. ती ताटी म्हणजे झोपडीचे बंद केलेले दार. नागपूरच्या उन्हाळ्यातील ताटीचे काम याच्या उलट. वाळ्याच्या मुळ्यांची ही ताटी दाराखिडकीत लावायची, तिच्यावर पाणी शिंपडायचे आणि बाहेरचा वारा तिच्यातूनच आत घ्यायचा. इंग्रज तिला 'टॅटी' म्हणत.

त्यामागील शास्त्र सोपे आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. विदर्भातील मे महिन्याची हवा कोरडी असल्याने पाणी झपाट्याने उडते. दमट मुंबईत हाच उपाय फसतो. याच तत्त्वाला पेटी, पंखा आणि पंप जोडला की आज नागपुरात घरोघरी दिसणारा कूलर होतो.

वातानुकूलन यंत्राची वंशावळ निराळी. विलिस कॅरिअरने १९०२ साली त्याची रचना केली, ती ब्रुकलिनच्या एका छापखान्यातील कागद दमट हवेने बिघडू नये म्हणून. हे यंत्र खोलीतील उष्णता उचलून गल्लीत टाकते, आणि त्याला लागणारी वीज पुष्कळदा कोराडीसारख्या कोळशावरच्या केंद्रातून येते. त्यातील वायूंचा इतिहास तर दुरुस्त्यांचाच इतिहास आहे. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या वायूंना १९८७ च्या मॉन्ट्रिअल कराराने आवर घातला. त्यांच्या जागी आलेले हायड्रोफ्लुरोकार्बन ओझोनला निरुपद्रवी. परंतु त्यांतील बहुतेक कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो ते हजारो पटींनी पृथ्वी तापवतात. म्हणून २०१६ साली किगाली येथे त्या करारात दुरुस्ती करावी लागली. प्रोपेनचा हा दोष नगण्य, पण तो ज्वालाग्राही.

मग ताटीकडे परतावे काय? इतका सोपा निष्कर्ष काढता येत नाही. वसाहतकाळी साहेबाच्या बंगल्यातील ताटी ओली राही, कारण बाहेर उन्हाच्या झळांत उभा असलेला नोकर तिच्यावर पाणी मारीत असे. कूलरने त्या माणसाची सुटका केली; पण त्याला पाणी लागते, आणि ते उन्हाळ्यातच दुर्मीळ. शिवाय पावसाळी हवेत तो कुचकामी ठरतो.

तेव्हा एखाद्या यंत्राला 'पर्यावरणस्नेही' हे विशेषण बहाल करण्यापूर्वी आपण ताटीबाहेरच्या त्या नोकराची आठवण ठेवावी. आतली उष्णता कुठे गेली, आणि तिथे आज कोण उभे आहे, हे विचारल्याशिवाय गारव्याचा हिशेब पुरा होत नाही.