रायपूरच्या ताफ्यांतील खर्ज

छत्तीसगडातील खेड्यात लग्नघरच्या बायका चुलीसाठी माती आणावयास निघाल्या, म्हणजे त्यांच्यापुढे वाजत जाणारा जो ताफा असतो त्यास तिकडे गडवा बाजा म्हणतात. मोहरी, डफडा, टासक आणि गुदुम ही त्यातील मुख्य वाद्ये. मोहरी ही आपल्या सनईच्या कुळातली. चाल तिची, आणि ऐकणाऱ्याच्या ध्यानात राहते तीही तीच. गुदुमचा थाट मात्र निराळा. लोखंडाच्या कढईसारखे त्याचे अंग, त्यावर दोरीने ताणलेले जाड कातडे, आणि बुडाशी एक छिद्र. या छिद्रातून आत एरंडेल ओततात, म्हणजे आवाज भरदार होतो. वाजवावयाला पूर्वी काय वापरीत असत कोणास ठाऊक. मोटारी आल्यापासून जुन्या टायरचे तुकडे कापून ‘बठेना’ करतात आणि त्यांनी ते बडवितात. भांड्याला बारशिंग्याची शिंगे लावलेली असतात, म्हणून यास सिंग बाजा असेही नाव आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर असे शिंग शिकार करून मिळविणे हा गुन्हा ठरला. तेव्हा ज्या घरी ते आहे, त्या घरी ते वाडवडिलांचेच असणार.

गुदुम वाजविणाऱ्यास ‘निशनहा’ म्हणतात. चाल त्याची नसते, गाणे त्याचे नसते, आणि वऱ्हाडी मंडळी वाखाणणी करतात ती मोहरीवाल्याची. परंतु निशनह्याने हात आखडला, की नाचणाऱ्यांचे पाय जागच्या जागी घोटाळतात. मोहरी कानाला लागते, गुदुम पोटाला लागतो. ताफ्यातील खालच्या आवाजाचे हे काम रायपूरच्या मुलखात फार जुने आहे. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या ऑर्केस्ट्रांमधून बेस गिटार नावाचे जे परदेशी वाद्य अवतरले, ते या आधीच मांडून ठेवलेल्या पाटावर येऊन बसले.

हे वाद्य वयाने लहान आहे. नाचाच्या पाश्चात्य वाद्यवृंदात खर्जाचे काम पुरुषभर उंचीच्या डबल बेसकडे असे. तो मोटारीत मावत नसे, आणि ट्रंपेट-ड्रमांच्या गलक्यात ऐकूही येत नसे. अमेरिकेत सिअॅटलच्या पॉल टुटमार्क याने १९३० नंतरच्या दशकात विजेवर चालणारा, गिटारीसारखा आडवा धरण्याचा बेस करून पाहिला, पण त्याचे फारसे कोणी घेतले नाही. पुढे १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडर याने ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर; त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती, ही गोष्ट गमतीची खरी. चार तारा, चौतीस इंच लांबीचा ताण, आणि दांडीवर धातूच्या पट्ट्या ठोकलेल्या, म्हणजे बोट ठेवावे तिथे स्वर नेमका निघावा. नावातील ‘नेमकेपणा’ तो हाच. त्याच्या सर्वांत खालच्या तारेचा स्वर सेकंदाला एक्केचाळीस कंपनांचा असतो. इतक्या खालच्या स्वराला माणसाचा कान मंद असतो. म्हणून तो सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावयाचा तर कर्णा मोठा लागतो आणि वीजही इतर वाद्यांहून पुष्कळ अधिक. बेस वाजविणाऱ्याला सर्वांत थोडी दाद आणि सर्वांत जड पेटी मिळते, त्याचे कारण हे असे भौतिकशास्त्रात आहे.

हौशी ताफ्यांत ही जागा मागून घेणारा सहसा कोणी नसतो. खुद्द बीटल्सची हीच कथा. १९६१ साली हॅम्बुर्गला त्यांचा बेसवाला ताफा सोडून गेला, तेव्हा उरलेल्यांत कोणालाच ते वाद्य नको होते. ते पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडले. पुढे त्याने त्याचे सोने केले, हा भाग वेगळा.

आपल्या संगीतात खर्ज नाही असे नाही. तो स्थिर आहे. तंबोऱ्याची खर्जाची तार रात्रभर एकच षड्ज सांगत राहते. गवई हिंडतो, ती हिंडत नाही. पाश्चात्य बेस मात्र पावलापावलाने चालतो, आणि वरची चाल तीच राहिली तरी तिच्याखालची जमीन बदलतो. आपल्याकडे खालच्या आवाजाला चालविणारे ठळक वाद्य म्हणजे तबल्याचा डग्गा. मनगट दाबून डग्ग्यातून जो घुमारा खालून वर नेतात, तो स्वर आणि ताल यांच्या सीमेवरचा आहे. हिंदी चित्रपटगीतांवर हात बसविलेल्या बेसवाल्यांच्या बोटांत हा डग्गा पुष्कळदा उतरलेला दिसतो. ते तार नुसती छेडीत नाहीत, तिच्यावरून बोट घसरवितात, आणि समेवर असे येतात की ढोलकीवाल्याने मान हलवावी. पाश्चात्य शिक्षकाला ही खोड वाटेल. वस्तुतः ती या वाद्याची देशी दीक्षा होय.

ही दीक्षा झाली मुंबईत. गोव्याच्या पॅरिश शाळांमधून स्वरलिपी वाचावयास शिकलेली ख्रिस्ती मुले पोटासाठी मुंबईच्या हॉटेलांत आली. ताजमहाल हॉटेलात मिकी कोरिया यांचा ताफा १९३९ पासून वीसेक वर्षे वाजत होता. रात्री हॉटेलात जाझ वाजवावा आणि दिवसा चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाला जावे, असा या मंडळींचा क्रम. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी ‘अलबेला’ (१९५१) च्या संगीतासाठी चिक चॉकलेट या टोपणनावाच्या गोमंतकीय ट्रंपेटवाल्याचा हात धरला. भगवानदादांच्या पावलांखाली जी उसळी आहे, तीत या हॉटेलवाल्यांचा मोठा वाटा आहे. शंकर-जयकिशन यांच्या गीतांची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझा करीत. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव ठळक असे, साहाय्यकाचे कधी बारीक अक्षरात असे, वाजविणाऱ्यांचे बहुधा नसेच. प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील एका विनोदी गीतात आपले व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांचे नाव गुंफले, आणि अशा रीतीने एक वादक घरोघर पोचला. पण तोही एका काल्पनिक दारूवाल्याच्या रूपाने!

राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवीत. त्याच काळचे दुसरे नाव चरणजितसिंग यांचे. ते गिटार वाजवीत, बेस वाजवीत, पुढे विजेच्या कळपट्ट्याही वाजवू लागले, आणि लग्नसमारंभांतून कार्यक्रमही करीत. १९८२ साली त्यांनी निव्वळ विद्युत्-यंत्रांवर दहा राग वाजवून एक तबकडी काढली. ती कोणी घेतली नाही. २०१० मध्ये ती युरोपात पुन्हा निघाली, आणि तिकडच्या नृत्यसंगीताच्या शौकिनांनी तिला डोक्यावर घेतले; चरणजितसिंग तेव्हा सत्तरीला आले होते. २०१५ साली ते वारले.

मुंबईचे हे वारे रायपूरला पोचले ते चित्रपटगृहांतून आणि रेडिओवरून. रायपूर हे बाराशे मैलांच्या मुंबई-कलकत्ता लोहमार्गावरील जंक्शन. १७४१ साली भास्करपंत नागपूरकर भोसल्यांची फौज घेऊन छत्तीसगडावर चालून आले; १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरी बसून कारभार केला; तेव्हापासून या मुलखात मराठी कुळे आहेत. रायपूरच्या तात्यापारा पेठेत मराठी घरांची जुनी वस्ती आहे, आणि तिथले महाराष्ट्र मंडळ १९३५ सालचे. पलीकडे भिलाईला १९५९ मध्ये पोलादाची भट्टी पेटली, आणि देशाच्या साऱ्या प्रांतांतून कामगार आले; कोणी मृदंग आणला, कोणी गिटार आणली. १९६३ पासून रायपुरास आकाशवाणीचे केंद्र आहे. १९६५ साली ‘कहि देबे संदेस’ हा पहिला छत्तीसगडी बोलपट निघाला. त्याची गीते महंमद रफींसारख्यांनी गायिली. त्याच वर्षीच्या ‘गुमनाम’मध्ये विजेच्या गिटारी घेतलेला एक ताफा पडद्यावर धिंगाणा घालताना लोकांनी पाहिला, आणि गावोगावच्या पोरांना आपणही असा ताफा काढावा असे वाटू लागले.

‘ऑर्केस्ट्रा’ या शब्दाचा अर्थ भारतातल्या मध्यम शहरांत स्वतंत्र आहे. सिंफनी वाजविणारी शंभर माणसे नव्हेत. चित्रपटातील गाणी जशीच्या तशी म्हणून दाखविणारी दहा-बारा मंडळी. रायपूर-दुर्ग-भिलाई पट्ट्यातही हा धंदा गणपती, दुर्गापूजा आणि लगीनसराई यांवर पोसला. वाजविणारे बहुतेक अर्धवेळ. दिवसा कचेरी, दुकान किंवा कारखान्याची पाळी, आणि कार्यक्रमाची सुपारी आली की रात्री मंच. १९५६ पासून खैरागडला संगीताचे विद्यापीठ उभे आहे. बेसवाल्यांची शाळा मात्र तबकडी आणि टेपरेकॉर्डर. गाण्यातील खालचा स्वर लहानशा कर्ण्यातून धड ऐकूही येत नसे. तो पुन्हा पुन्हा ऐकून, थोडा अंदाजाने, थोडा तबलेवाल्यास विचारून बसवावयाचा. परदेशी वाद्य आयातीच्या निर्बंधांमुळे आवाक्याबाहेर. म्हणून कलकत्त्याच्या ‘गिवसन’सारख्या देशी गिटारी चालत. बेसच्या तारा महाग, तेव्हा त्या निस्तेज झाल्या की पाण्यात उकळून, मळ काढून, पुन्हा चढविण्याची युक्ती जगभरच्या गरीब बेसवाल्यांना ठाऊक आहे.

आणि तरीही या माणसाखेरीज चालत नसे. गायक अंतरा विसरून भलत्याच ठिकाणी आला तर त्याला सावरतो कोण? ड्रमवाला आणि बेसवाला. त्यांनी नजरेने खुणावले, एक आवर्तन वाढविले, की श्रोत्यांस चूक कळतही नाही.

नव्या वाद्यापायी जुन्याने उठावे, हे या प्रदेशाला नवे नव्हते. नाचा या लोकनाट्यात पूर्वी वादक उभ्याने, तबला कमरेला बांधून वाजवीत, आणि सुराला चिकारा असे. राजनांदगावकडच्या दाऊ मंदराजींनी पेटी आणली, आणि चिकारा मागे पडला. परंतु १९८० नंतर जे घडले त्याचा वेग निराळा. आपोआप ताल देणाऱ्या कळपट्ट्या आल्या. १९८५ च्या सुमारास काठीने ठोकावयाचे विजेचे पॅड आले. ऑर्केस्ट्राच्या मालकाने हिशेब मांडला. गायक कमी करता येत नाही, ढोलक लोकांना दिसावी लागते; कळपट्टीवाल्याचा डावा हात मात्र मोकळाच आहे. त्या डाव्या हाताला बेसचे काम सांगण्यात आले. साहजिकच ताफ्यातून पहिली रजा मिळाली ती बहुधा बेसवाल्याला. त्याला काढल्याचे श्रोत्यांच्या ध्यानात आले नाही, हेच त्याच्याविरुद्ध प्रमाण ठरले. गाणे पूर्वीसारखे का उचलत नाही याचा उलगडा पुष्कळांना झाला नसेल. डावा हात ठरावीक ठेका देतो. चुकलेल्या गायकाची वाट पाहत तो थांबत नाही.

मिरवणुकीत धुमाल नावाचा प्रकार मग बोकाळला. नागपुरात यालाच संदल म्हणतात. ताशे, ढोल आणि ड्रम यांची फळी, आणि मधोमध गाड्यावर कर्णे बांधून एक कळपट्टी. अनंत चतुर्दशीनंतर रायपूरच्या रस्त्यांवरून रात्रभर गणपतीच्या झांक्या निघतात, तेव्हा धुमालाच्या आघाताने दुकानांची लोखंडी दारे थरथरतात. धुमाल कर्कश असेल, पण वाजविणारी माणसे त्यात निदान वीस-पंचवीस आहेत. त्याच्यामागून डीजे आला. तिथे एक गाडी, एक माणूस आणि भिंतीएवढे कर्णे पुरतात. ज्या खालच्या स्वराला एके काळी शेवटच्या रांगेपर्यंत पोचविणे कठीण होते, तो आता छातीवर आदळतो, आणि त्यामागे कोणाची बोटे नसतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई केली. बिलासपूरच्या उच्च न्यायालयानेही डीजेच्या गोंगाटाबद्दल शासनास जाब विचारला आहे. नियम चांगला आहे. परंतु तो आवाज मोजतो. ताफ्यातून किती माणसे गेली हे मोजण्याचे यंत्र त्याच्यापाशी नाही.

निशनह्याची गोष्ट याहून कठीण. गडवा बाजा वाजविणारे प्रामुख्याने गांडा जातीचे. त्यांच्या वाजविण्याशिवाय लग्न शुभ होत नसे, आणि त्याच लग्नाच्या पंगतीत मात्र त्यांना जागा नसे. तेव्हा शिकलेल्या मुलाने बठेना खाली ठेवला तर त्याला कलेचा घात केला असे म्हणण्याचा अधिकार पंगतीत बसलेल्यांना नाही. बेसवाला विस्मरणात गेला तरी त्याच्या हाती कचेरीची नोकरी होती. निशनह्याच्या हाती तेवढेच एक वाद्य.

अजून कार्तिकात, देवउठनी एकादशीच्या सुमारास, राऊत मंडळी आपल्या नाचासाठी गडवा बाजाचा ताफा ठरवावयास येतात. मोबदल्याची घासाघीस होते, विसार दिला जातो. डफडेवाला विस्तवावर कातडे शेकून घेतो, मोहरीवाला ताडाच्या पानाची पत्ती ओली करतो, आणि निशनहा गुदुम उपडा करून त्याच्या बुडाच्या छिद्रात एरंडेल सोडतो.