दाबविद्युत स्फटिकांची रचना आणि विद्युत क्षेत्र : संकल्पनेचा इतिहास व वऱ्हाडातील प्रयोगशाळा

प्रस्तावना :
अमरावती येथे 1923 मध्ये किंग एडवर्ड महाविद्यालय, म्हणजे आजची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था, सुरू झाले. 1983 मध्ये अमरावती विद्यापीठाची स्थापना झाली. आज अमरावती व अकोला येथील महाविद्यालयीन प्रयोगशाळांत द्रवातील ध्वनिवेग मोजण्यासाठी श्राव्यातीत इंटरफेरोमीटर वापरला जातो. त्याच्या पात्राच्या तळाशी क्वार्ट्झची चकती असते. विद्युत क्षेत्रामुळे 'स्फटिकाची रचना बदलते' व चकती कंप पावते, असे सामान्यतः सांगितले जाते. या एका विधानात दोन भिन्न घटना मिसळल्या जातात. त्यांतील भेद इतिहासाच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

क्वार्ट्झ : रचना तीच, आकारात बदल
1880 मध्ये जॅक व पिअर क्युरी या बंधूंनी क्वार्ट्झ, टूर्मलीन इत्यादी स्फटिकांवर दाब दिल्यास पृष्ठभागावर विद्युत प्रभार निर्माण होतो, हे दाखविले. याच्या उलट परिणामाचे भाकीत 1881 मध्ये गाब्रिएल लिपमन यांनी ऊष्मागतिकीच्या आधारे केले आणि क्युरी बंधूंनी त्याच वर्षी ते प्रयोगाने सिद्ध केले. स्फटिकातील अणूंची मांडणी तेव्हा कोणालाही ठाऊक नव्हती. क्ष-किरणांचे विवर्तन 1912 मध्ये आढळले, तर क्वार्ट्झच्या रचनेचा उलगडा ब्रॅग व गिब्ज यांनी 1925 मध्ये केला.

स्फटिकांच्या 32 वर्गांपैकी 21 वर्गांत सममिती केंद्र नसते. त्यांपैकी 20 वर्ग दाबविद्युत गुणधर्म दर्शवितात. क्वार्ट्झ त्यांपैकी एक होय. क्षेत्र लावताच धन व ऋण आयन विरुद्ध दिशांना किंचित सरकतात आणि जालक ताणले जाते. हा बदल अत्यल्प असतो. एक्स-काट चकतीवर 10 व्होल्ट स्थिर विभव लावल्यास तिची जाडी सुमारे 23 पिकोमीटरने, म्हणजे अणूच्या व्यासापेक्षाही कमी बदलते. क्षेत्र काढल्यावर आयन पूर्वस्थितीत येतात.

बेरियम टायटेनेट व पीझेडटी : रचनेची पुनर्मांडणी
1920-21 मध्ये जोसेफ व्हॅलासेक यांनी रोशेल क्षारात विद्युत क्षेत्राने उलटविता येणारे स्वयंभू ध्रुवण शोधले. 1940 च्या दशकात बेरियम टायटेनेट पुढे आले. सुमारे 120 अंश सेल्सिअसखाली त्याची घनाकृती एकक कोष्ठिका एका दिशेने साधारण एक टक्का लांब होते. या दिशा निरनिराळ्या प्रक्षेत्रांत वेगवेगळ्या असतात. तीव्र क्षेत्र त्या वळविते आणि क्षेत्र काढल्यावरही ही मांडणी बऱ्याच अंशी टिकते. पुढे 1954 मध्ये जाफे व सहकाऱ्यांनी शिसे, झिर्कोनियम व टायटेनियम यांच्या ऑक्साइडांपासून बनलेल्या पीझेडटीचे गुण प्रकाशात आणले.

मराठी संशोधक वि. गो. भिडे यांचे काम या टप्प्यात उल्लेखनीय ठरते. पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झालेले भिडे व एम. एस. मुलतानी यांनी 1965 मध्ये मॉसबाउर परिणामाचा उपयोग करून बेरियम टायटेनेटच्या जालकाचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्षेत्र लावलेल्या पीझेडटीतील रचनेचे कोडे मात्र बराच काळ कायम होते. चतुष्कोनी व समांतरषट्फलकी प्रावस्थांच्या सीमेवर एक एकनताक्ष प्रावस्था असते, हे 1999 मध्ये नोहेडा व सहकाऱ्यांनी दाखविले. ध्रुवणाची दिशा तीत सहज वळू शकते आणि या पदार्थाचा मोठा प्रतिसाद त्यातून स्पष्ट होतो.

प्रयोगशाळेच्या दृष्टीने महत्त्व :
2 मेगाहर्ट्झ वारंवारतेची क्वार्ट्झ चकती सुमारे 1.4 मिलिमीटर जाडीची असते. अनुस्पंदनामुळे तिचे सूक्ष्म कंपन वाढते व द्रवात तरंग निर्माण होतात. परावर्तक अर्ध्या तरंगलांबीने सरकला की प्रवाहाचे पुढील महत्तम मूल्य मिळते. पाण्यात हे अंतर साधारण 0.37 मिलिमीटर भरते. ध्वनिवेग तरंगलांबी व वारंवारता यांच्या गुणाकारातून काढला जात असल्याने वारंवारता स्थिर असणे अत्यावश्यक असते. क्वार्ट्झला ध्रुवित करावे लागत नाही, म्हणून त्याचे ध्रुवण कालांतराने क्षीण होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पीझेडटी अधिक तीव्र प्रतिसाद देते. परंतु अतिउष्णता किंवा तीव्र विरुद्ध क्षेत्र यांमुळे तिचे ध्रुवण नष्ट होऊ शकते.

निष्कर्ष :
क्वार्ट्झमध्ये विद्युत क्षेत्र रचनेला केवळ ताणते, तर फेरोविद्युत पदार्थांत ते तिची पुनर्मांडणीही करते. हा भेद समजण्यास विज्ञानाला अनेक दशके लागली. तो विद्यार्थ्यापुढे मांडल्यास पात्राच्या तळाची चकती केवळ एक सुटा भाग न राहता अभ्यासाचा विषय होईल आणि मोजमापाच्या अचूकतेचे कारणही त्याला उमगेल.