शब्दवेध : आठ, नऊ, तीन

 मटक्याचा जुगार ठाऊक असलेल्या वाचकाला ‘याकुझा’ या जपानी शब्दाची फोड लगेच कळावी. ‘या’ आठ, ‘कु’ नऊ, ‘झा’ तीन. ओइचो-काबु या जपानी पत्त्यांच्या खेळात बेरजेतला शेवटचा आकडाच धरतात; वीस झाले की शून्य, डाव फुकट. मटक्यातली तीन पानेही अशीच मोजतात! (तिथे मात्र शून्यावरही पैसे लागतात.) आठ-नऊ-तीनच्या या वाया डावावरून जुगाऱ्यांना, मग टोळीवाल्यांना हे नाव चिकटले. साठच्या दशकात तोएई कंपनीच्या चित्रपटांनी या ओवाळून टाकलेल्या माणसाला शब्दाला जागणारा नायक केले. दिग्दर्शक किंजी फुकासाकूने १९७३ मध्ये, युद्धोत्तर हिरोशिमा दाखवताना, त्याच्या इमानाचे पितळ उघडे पाडले. मला फुकासाकूचाच याकुझा नावाला जागणारा वाटतो.