पैनगंगा अभयारण्य

पैनगंगा अभयारण्य : यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगा नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेले संरक्षित वन. क्षेत्रफळ सुमारे ३२५ चौ. किमी. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली पैनगंगा उमरखेडच्या दक्षिणेकडून येते आणि किनवटच्या बाजूने वळण घेऊन उत्तरेला माहूरकडे जाते. या वळणाच्या कुशीतले जंगल तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले असल्याने पावसाळ्यात त्याला बेटाचे रूप येते. उमरखेड तालुक्यातील या पट्ट्याला लोक ‘बंदी भाग’ म्हणतात. नांदेडशेजारचा लातूर जिल्हा राज्यात सर्वांत कमी वन असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे आणि नांदेडचेही बहुतेक जंगल किनवट–माहूर भागातच एकवटले आहे. त्यामुळे मराठवाड्याच्या या कोपऱ्यात सलग असे जे रान उरले, त्यात पैनगंगेच्या काठाला मोठे मोल आहे.

इतिहास : या वनप्रदेशाचे जुने ठाणे माहूर. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेली रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूया, डोंगरी किल्ला आणि पांडवलेणी यांमुळे ते प्रसिद्ध आहे. मोगल काळात वऱ्हाड सुभ्यात माहूर सरकार होते. माहूरच्या राजे उदाराम देशमुख घराण्यातील सावित्रीबाईला औरंगजेबाने ‘रायबागन’, म्हणजे राजवाघीण, हा किताब दिला. फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाला कोंडले, तेव्हा ती त्या फौजेबरोबर होती. हदगावजवळच्या नोव्ह्याच्या गढीतून नौसाजी नाईकाने दिलेली झुंज १८१९ मध्ये मेजर पिटमनच्या फौजेने मोडली. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि नदी दोन राजवटींची सीमा झाली. डाव्या काठावर इंग्रजी वनखाते, उजव्या काठावर निजामाचे. किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेडला आला तो १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत. एकाच जंगलाचा कारभार असा शतकभर दोन दफ्तरांत वाटलेला राहिला. नदीच्या दोन्ही काठांना एका अभयारण्यात घेतल्याचे महत्त्व यातून कळते.

वन व प्राणी : पाऊस १,००० मिमी.च्या आसपास. वन शुष्क पानझडी, मुख्यतः सागाचे. त्यात ऐन, धावडा, सालई, मोह, टेंभुर्णी, चारोळी, पळस व बांबू आढळतात. बिबट्या, अस्वल, चितळ, सांबर, चौसिंगा, नीलगाय, रानडुक्कर हे प्राणी असून वाघ टिपेश्वर अभयारण्याकडून येतो-जातो.

नोंद व देखरेख : पूर्वी वाघाच्या ठशांवरून गणना होई. काचेवर ठसा उतरवून घ्यायचा किंवा प्लास्टरमध्ये साचा काढायचा. २००६ पासून देशभर दर चार वर्षांनी नव्या पद्धतीने गणना होते (२०१०, २०१४, २०१८, २०२२). तिचा पाया वनरक्षकाच्या पायपिटीवर आहे. आपल्या नियतक्षेत्रात तो पहाटे नाल्याच्या वाळूतून निघतो. ओल्या वाळूत उमटलेला पंजा, विष्ठेत गुंतलेले केस, सागाच्या खोडावरचे ओरखडे, अस्वलाने उकरलेले वारूळ, जे दिसेल ते जागच्या जागी नोंदवतो. पुढे ठरलेल्या रेषेवरून चालत तृणभक्षी मोजतो आणि दर ४०० मीटरवर थांबून झाडोरा, लेंड्या व माणसाच्या वावराच्या खुणा लिहितो. कुऱ्हाडीने तोडलेला बुंधा, गुरांचे शेण, विझलेली चूल या बाबीही त्या तक्त्यात येतात. तिला स्वयंचलित कॅमेऱ्यांची जोड आहे; एम-स्ट्राइप्स ही मोबाइलवरील नोंदप्रणाली नंतर आली.

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावरून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजण्याची जुनी रीत आता ‘निसर्गानुभव’ या उपक्रमाच्या रूपाने राज्यभर चालते. शास्त्रीय गणना म्हणून तिला मान नाही, तरी तिचे मोल वेगळे आहे. वर्षातून एकदा माणूस रात्रभर गप्प बसून जंगल ऐकतो तो या मचाणावरच.

प्राण्यांची संख्या म्हणजे जंगलाचे सगळे जंगलपण नव्हे. अमेरिकेच्या १९६४ च्या निर्जनवन कायद्याखालील क्षेत्रांत ‘रानपणा’ची वेगळी पाहणी होते. माणसाचा हस्तक्षेप किती, बांधकाम किती, एकांत उरला का, याच्या नोंदी तिथे वर्षानुवर्षे ठेवतात. भारतीय वन्यजीव कायद्यात (१९७२) अशी स्वतंत्र कसोटी नाही. पैनगंगेत ती हवी, कारण या वनाला धोका आहे तो मुख्यतः तुटण्याचा, सुकण्याचा आणि उजेड-आवाजाचा.

सलगता किती मोलाची, हे वाघाने स्वतः दाखवले. टिपेश्वरमध्ये जन्मलेला, गळपट्टा बसवलेला ‘वॉकर’ जून २०१९ मध्ये निघाला आणि आदिलाबाद, पैनगंगेचा पट्टा, हिंगोली असे करत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळपट्टा तासातासाला ठिकाण कळवत होता. गळपट्टा काढेपर्यंत पाच हजारांवर नोंदी झाल्या आणि एकूण चाल ३,००० किमी.च्या घरात गेली. वाघ चालला बहुतांशी रात्री, दिवसा कपाशीच्या उभ्या पिकात दडून. डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ लातूर–बार्शी रस्त्यावरील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात (सुमारे २२ चौ. किमी.) कॅमेऱ्यात दिसला. अशा वाघाला वाटेत थांबायला पैनगंगेसारखी जागा लागते.

वस्ती व अर्थव्यवस्था : वनात व काठावर आंध, गोंड, कोलाम, बंजारा समाजांची गावे आहेत. कापूस, सोयाबीन, तूर ही पिके. तेंदूपाने, मोहफुले, डिंक यांचे संकलन होते. मोहाची फुले वेचायला पहाटे बाई आणि अस्वल एकाच झाडाखाली येतात आणि उन्हाळ्यातले बरेचसे हल्ले त्या वेळचे असतात. रस्ता आणि मोबाइलचा मनोरा ही बंदी भागाची जुनी मागणी आहे व ती रास्त आहे. आजारी माणसाला खाटेवर वाहून नेणाऱ्या गावाला एकांताचे गोडवे सांगता येत नाहीत. म्हणूनच रस्ता कुठून जावा, दिवे कुठवर असावेत आणि रात्रीची वाहतूक किती असावी, हे नोंदी हाती ठेवून गावाच्या साक्षीने ठरले पाहिजे. वनहक्क कायद्याने (२००६) ग्रामसभेला वन राखण्याचा अधिकार दिलेलाच आहे.

दळणवळण व स्थळे : मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरील किनवट हे सोयीचे स्थानक. काठावर उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आहेत. इस्लापूर व मुरली यांच्यामध्ये सहस्रकुंडाचा धबधबा आहे. वर इसापूर धरण झाल्यापासून नदीचा ओघ धरणाच्या दारांवर अवलंबून आहे. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडते आणि पाणी सोडण्याची मागणी काठची गावे दरवर्षी करतात. त्याच दिवसांत चितळांचे कळप उरलेल्या डोहांभोवती गोळा होतात. भर पावसात सहस्रकुंडाचा घोष दूरवर ऐकू येतो, मे महिन्यात तिथे काळा खडक उघडा असतो. कोणत्या वर्षी पाणी कधी थांबले आणि कुठला डोह किती दिवस टिकला, ही नोंद वाघाच्या नोंदीइतकीच निगुतीने ठेवली पाहिजे. गाव आणि जंगल, दोघांची तहान त्याच पाण्यावर भागते.