‘अल्पशा आजाराने निधन’ : या शब्दांमागे काय दडलंय?

तालुक्याच्या पत्रकाराच्या हातून सगळ्यात जास्त कुठल्या बातम्या जात असतील तर त्या निधनवार्ता. राजकारण, रस्ते, पाणी सगळं नंतर. आणि या निधनवार्तांचा साचा ठरलेला. ‘अमुक यांचे वयाच्या ७८ व्या वर्षी अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ झालं.

हा ‘अल्पशा आजार’ नेमका कुठला, हे कोणी लिहीत नाही, कोणी विचारतही नाही. घरच्यांना विचारलं तर उत्तर साधारण असंच असतं : “सर्दी-खोकला होता चार दिवस. मग दम लागला. दवाखान्यात नेलं, पण वयच झालं होतं ना.” पिकलं पान गळणारच, असं म्हणून विषय संपतो.

आज लिहायचंय ते या ‘वयच झालं होतं’बद्दल. कारण ही समजूत फक्त आपल्या गावाची नाही. वैद्यकशास्त्राचीही ती बरीच वर्षं होती. आणि ती जिथे जिथे मोडली गेली, तिथे म्हातारी माणसं वाचली. थोडं मोठं आहे, पण वाचा.

सुरुवात करू लंडनपासून. १८४७ च्या हिवाळ्यात तिथे इन्फ्लुएंझाची साथ आली. मृत्यूच्या नोंदी सांभाळणाऱ्या सरकारी कार्यालयात विल्यम फार नावाचा आकडेमोड करणारा माणूस होता. दाखल्यांवर ‘इन्फ्लुएंझा’ असं कारण फारच थोड्यांच्या नावापुढे होतं. फारने वेगळा हिशोब मांडला. एरवी या दिवसांत किती माणसं मरतात आणि यंदा किती मेली? फरक निघाला सुमारे ५,००० चा. दाखल्यावर कोणाचं दम्याने, कोणाचं छातीच्या विकाराने, कोणाचं नुसतं ‘म्हातारपणाने’ असं लिहिलेलं. पण साथ नसती तर ही माणसं त्या हिवाळ्यात गेली नसती. आणि सगळ्यात मोठी वाढ होती ती म्हाताऱ्या माणसांच्या मृत्यूंत. कोविडच्या काळात आपण ‘जादा मृत्यू’ हा शब्द ऐकला, तो हिशोब तेव्हापासूनचा.

म्हणजे श्वसनाच्या साथी म्हाताऱ्यांना गाठतात हे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच कागदावर आलं होतं. पण कागदावर येणं वेगळं आणि त्यावर काही करणं वेगळं. विल्यम ऑस्लर हे त्या काळातल्या डॉक्टरांचे गुरू. त्यांचं वैद्यकाचं पाठ्यपुस्तक १८९२ साली आलं. त्यात त्यांनी न्यूमोनियाला म्हातारपणाचा खास शत्रू म्हटलं होतं. काही वर्षांनी पुढच्या आवृत्तीत तोच न्यूमोनिया म्हाताऱ्यांचा मित्र ठरला. कारण तो फार त्रास न देता, झटपट सोडवतो. हा ‘मित्र’ शब्द डॉक्टरांच्या तोंडी पुढे अनेक दशकं टिकला. औषध नव्हतं तेव्हा ती एक समजूत घालायची रीत होती, हे मान्य. खुद्द ऑस्लरही १९१९ च्या डिसेंबरमध्ये सत्तराव्या वर्षी न्यूमोनियाच्याच आजारात गेले. पण औषधं आली, लस आली, तरी ‘सुटले बिचारे’ ही भाषा गेली नाही. आपल्याकडे तर अजूनही आहे.

आता आपल्याकडे येऊ. १९१८. जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘मानमोडी’ची साथ यायची, ती हीच. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने आजारी पडले, तिथून सुरुवात. पहिली लाट सौम्य होती. पाऊस दगा देऊन गेला, धान्य महागलं, आणि सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. मुंबई इलाखा आणि मध्य प्रांत हे देशात सर्वाधिक भाजलेले भाग. देशभरात १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत माणसं गेली असे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ हे जनगणनेतलं एकमेव दशक, ज्यात भारताची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली.

पण या साथीत एक उलटी गोष्ट झाली. मेली ती मुख्यतः २० ते ४० वयाची धडधाकट माणसं. म्हातारी माणसं त्या मानाने बचावली. का, यावर अजून वाद आहे. त्यांच्या लहानपणी असाच एखादा विषाणू येऊन गेला असावा आणि शरीराने ती ओळख जपून ठेवली असावी, असा एक तर्क आहे. माझ्या मते या साथीने आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं केलं : साथ म्हणजे तरण्याताठ्यांचे मुडदे, ओसाड पडलेली घरं. दर पावसाळ्यात चार-दोन म्हातारी माणसं खोकत खोकत जातात, ती साथ वाटतच नाही. ते ‘वय’ वाटतं.

माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएंझाचा विषाणू १९३३ मध्ये सापडला. १९४५ मध्ये अमेरिकेत लस खुली झाली. १९५७ मध्ये ‘एशियन फ्लू’ जगभर फिरला, भारतातही आला. या साथीत मरणाऱ्यांत म्हातारी आणि जुनाट आजारांची माणसं जास्त होती. तेव्हा १९६० मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याने सांगितलं : ६५ च्या पुढच्यांनी, जुनाट आजार असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी दरवर्षी ही लस घ्यावी. म्हातारपण हेच लस देण्याचं कारण, असं एखाद्या सरकारने ठरवणं ही मोठी गोष्ट होती.

जपानने वेगळीच वाट धरली. त्यांनी विचार केला, घरात आजार आणतं कोण? शाळेत जाणारी पोरं. मग पोरांनाच टोचा. १९६२ पासून शाळेत लस सुरू झाली, १९७७ मध्ये ती सक्तीची झाली. पुढे परिणामकारकतेवर शंका आली, दुष्परिणामांच्या तक्रारी झाल्या. १९८७ मध्ये पालकांना नाही म्हणायची मुभा मिळाली आणि १९९४ मध्ये कार्यक्रमच बंद पडला.

मग २००१ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात या सगळ्या वर्षांचा हिशोब छापून आला. पद्धत तीच, फारची : हिवाळ्यातले जादा मृत्यू मोजायचे. पोरांना लस मिळत होती त्या काळात जपानमध्ये दरवर्षी ३७,००० ते ४९,००० मृत्यू टळत होते, असा त्यांचा अंदाज. दर ४२० मुलांना लस दिली की एक जीव वाचत होता, आणि वाचणारे बहुतेक म्हातारे होते. नातवाच्या दंडाला सुई, आणि जीव वाचला आजीचा! लसीकरण थांबलं तसे जादा मृत्यू पुन्हा चढले. या आकड्यांवर काही तज्ज्ञांनी आक्षेप घेतले, कारण त्या काळात जपानमध्ये इतरही बरंच बदललं होतं. पण त्याच वर्षी जपानने कायदा बदलून ६५ च्या पुढच्यांना सरकारी मदतीने लस द्यायला सुरुवात केली, हेही खरं.

आणि हा विषय एकट्या फ्लूचा नाही. आरएसव्ही नावाचा विषाणू १९५६ मध्ये पहिल्यांदा सापडला तो सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये. मग लहान बाळांमध्ये. त्यामुळे कित्येक वर्षं तो ‘बाळांचा आजार’ समजला गेला. २००५ मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरातल्या अभ्यासाने दाखवलं, की म्हाताऱ्यांमध्ये या विषाणूचा त्रास नेहमीच्या फ्लूच्या जवळपास जातो. तोवर तो म्हाताऱ्यांमध्ये फारसा शोधलाच जात नव्हता. शोधलं नाही म्हणून सापडलं नाही, सापडलं नाही म्हणून ‘वय’. या विषाणूवरची ज्येष्ठांसाठीची पहिली लस अमेरिकेत मंजूर झाली ती थेट २०२३ मध्ये.

अजून एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी. म्हातारपणी आजार नेहमीसारखा दिसत नाही. ताप येईलच असं नाही. कधी नुसतं जेवण तुटतं, माणूस झोपून राहतो, बरळायला लागतो, न्हाणीघरात तोल जाऊन पडतो. आपल्याला वाटतं अशक्तपणा आहे, सलाईन लावू. आत मात्र छाती भरत असते. कॅनडातल्या २०१८ च्या अभ्यासात दिसलं, की फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकची शक्यता एरवीपेक्षा सुमारे सहापट होते. म्हणजे ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन’ या बातमीमागेही कधी कधी चार दिवसांपूर्वीची सर्दी असते.

आता आपला हिशोब. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसं सुमारे १ कोटी ११ लाख होती. आज आकडा त्याहून मोठाच असणार. २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांना डॉक्टरने प्रमाणित केलेलं कारण होतं. बाकीच्यांचं? अल्पसा आजार! १८४७ मध्ये लंडनमध्ये एक माणूस जो हिशोब हाताने करत होता, तो आपल्या तालुक्यात आज कोणीच करत नाही.

आणि आपल्याला जमत नाही असंही नाही. पुण्यात १९५२ पासून विषाणू संशोधनाची संस्था आहे, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, एनआयव्ही. फ्लू आपल्याकडे मुख्यतः पावसाळ्यात, जून ते ऑक्टोबरमध्ये चढतो आणि श्रीनगरकडे थंडीत, हे आपल्याच शास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय. म्हणजे आपल्याकडे लस घ्यायची वेळ पावसाळ्याआधीची. कोविडमध्ये १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली. उपकेंद्रांवर रांगा लागल्या, आशाताईंनी घरोघरी जाऊन नावं काढली. अंथरुणाला खिळलेल्यांचं काय, म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली आणि त्याच वर्षी घरी जाऊन लस देणंही सुरू झालं. यंत्रणा तीच, माणसं तीच. पण ज्येष्ठांसाठी फ्लूची लस आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. खासगीत तिला हजार-दोन हजार मोजावे लागतात. निराधार योजनेच्या पैशावर जगणारी म्हातारी ते कुठून मोजणार?

लस म्हणजे कवचकुंडलं नाहीत, हेही सांगतो. विषाणू बदलतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते, आणि वय वाढलं की तिचा जोर कमी पडतो. पण दवाखान्यात भरती होण्याची आणि जीव जाण्याची शक्यता ती कमी करते, आणि म्हातारपणी तेवढंही पुष्कळ असतं.

म्हणून दोन मागण्या. एक, नगरपालिका आणि जिल्हा परिषदेने पुढच्या बजेटमध्ये साठीच्या पुढच्या गरजू माणसांसाठी, निदान दमा, मधुमेह, हृदयविकार असणाऱ्यांसाठी, मे महिन्यात फ्लूच्या लसीची तरतूद करावी. दोन, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी साठीच्या पुढच्यांच्या मृत्यूंचा महिन्यावार आकडा मागच्या पाच वर्षांच्या आकड्याशेजारी ठेवून जाहीर करावा. जन्म-मृत्यूची नोंद पालिका आणि ग्रामपंचायतीकडे असतेच, नवीन काही लागत नाही.

निवडणुकीच्या काळात ज्येष्ठ नागरिक संघात हार घालायला येणाऱ्यांना हे दोन प्रश्न विचारा. आणि घरात कोणी साठीच्या पुढचं असेल तर या मे महिन्यात आपल्या डॉक्टरांना लसीबद्दल एकदा विचारा. घरात कोणाला सर्दी झाली तर चार दिवस आजी-आजोबांच्या खोलीत जाताना मास्क लावा. तो अजून कपाटात कुठेतरी असेलच.