तीसचा फ्यूज

दुपारी १:१०

हसनाबाद. पत्र्याच्या शेडात एका बाजूला वेचणीचा कापूस, दुसऱ्या बाजूला आमची जुनी पेट्रोल गाडी. गाडी पेटायला सात तास सात मिनिटं बाकी.

जालन्याला मामेबहिणीचा साखरपुडा होता. आई, काका, मी आणि मागच्या सीटवर साड्यांच्या पिशव्या. चार दिवसांपूर्वी मी हेडलाइटचे बल्ब बदलून घेतले होते. मूळचे ६०/५५ वॅटचे, मी लावले १००/९० चे. राजूर रोडला रात्री समोरचा तोंडावर लाइट मारतो, मग आपणच का मिणमिणत जायचं, एवढाच विचार. बसवणारा म्हणाला, रिले टाकून घ्या, नाहीतर वायर तापेल. रिलेचे पैसे वेगळे होते. मी म्हणालो, राहू द्या.

१:३५

गाव सोडलं न सोडलं तोच पहिला वास आला. समईची वात फुंकल्यावर येतो तसा. काकांनी गाडी थांबवायला लावली आणि बोनेट उघडलं. इंजिनावर मूठभर कापूस, त्यात मक्याचं अर्धं कुरतडलेलं कणीस. "उंदराचा संसार," काका म्हणाले. हाताला आला तेवढा कापूस काढून टाकला. बॅटरीच्या मागे हात जात नव्हता, तिथला राहिला. वास गेला.

निदान बरोबर होतं, आणि तिथेच आम्ही फसलो. उंदीर नुसता कापूस आणून थांबत नाही, घर केलं की वायरीही कुरतडतो. पण कारण सापडल्यावर पुढे शोधायला कोण जातं?

२:४०

जालना. ओटी, पेढे, फोटो. गाडीची आठवण कुणालाच नाही.

६:५०

अंधार पडला होता. दिवे लावून परत निघालो. हिशोब साधा आहे, पण तो मी दुसऱ्या दिवशी केला. ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ ॲम्पियर घेतो, १०० वॅटचा ८.३. वायरीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच बारीक वायरीत आता पावणेतीन पट उष्णता. शिवाय इंजिन चालू असताना व्होल्ट चौदाच्या आसपास असतात, म्हणून प्रत्यक्षात याहून जास्तच.

७:१५

"कुणीतरी मासळी भाजतंय," आई म्हणाली. आई माळकरी. तिला हा वास मैलावरून येतो आणि सोसत नाही. बाहेर दोन्हीकडे तुरी, घर एकही नाही. तरी आम्ही काचा वर केल्या, बाहेरचा वास आत येऊ नये म्हणून. वास वाढला.

काचा लावल्यावर वाढणारा वास बाहेरचा नसतो. एवढं कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही, पण आम्ही तिघंही वैतागून गप्प बसलो.

काकांनी उमेदीची वर्षं ट्रकवर काढली. त्यांच्या नाकात सगळी यादी आहे. जळका कागद म्हणजे क्लच प्लेट. तळणाचा करपट वास म्हणजे ऑइल गळून सायलेन्सरवर पडतंय. घाट उतरताना तिखट, नाकाला झोंबणारा म्हणजे ब्रेकचे लायनर. गोडसर आला तर कूलंट. मासळी त्यांच्या यादीत नव्हती. ट्रकच्या वायरिंगला वास यायच्या आतच ते फ्यूज बघायचे, म्हणून असेल. काही प्लास्टिक आणि कपलरमधल्या राळा तापल्या की अमाइन जातीचे वायू सोडतात. शिळ्या मासळीच्या वासामागेही हेच कुटुंब आहे. आईचं नाक अगदी अचूक सांगत होतं.

"दुपारचाच कापूस असेल राहिलेला," मी म्हणालो.

७:४२

राजूर. गणपतीला गाडीतूनच हात जोडले आणि डावा दिवा गेला. स्टिअरिंगखालच्या बॉक्समधला लाल फ्यूज, १० ॲम्पियरचा, मधली पट्टी तुटलेली.

फ्यूज बल्ब वाचवायला असतो असं मला तोपर्यंत वाटायचं. तो वायर वाचवायला असतो. जितक्या प्रवाहाला वायर टिकते, त्याच्या आत तो स्वतः तुटतो. दहाचा फ्यूज उडाला म्हणजे गाडी सांगत होती की या वायरीत काहीतरी बिघडलंय. रस्त्याकडेच्या दुकानात लाल फ्यूज नव्हता. एकच होता, हिरवा, ३० चा. दुकानातला पोरगा म्हणाला, "हा नाही उडायचा."

मला हेच ऐकायचं होतं. मी स्वतः बसवला. दिवा लख्ख लागला. काकांनी विचारलं, "किती नंबरचा टाकला?" मी म्हणालो, "बसला ना?"

८:०९

हसनाबादच्या रस्त्याला. डावा दिवा पिवळा पडला, परत पेटला, परत पिवळा. कुरतडलेली वायर बहुधा कुठेतरी अर्धवट पत्र्याला टेकत होती. तिच्यातून २५ ॲम्पियर वाहिले तरी तीसचा फ्यूज गप्प बसतो. एसीच्या जाळीतून धुराची बारीक रेघ आली.

८:१२

एक मोटारसायकलवाला शेजारी येऊन ओरडला, "ओ, खालून जाळ दिसतोय!" मार्च २०१० मध्ये मुंबईत नवी कोरी नॅनो घरी नेताना पेटली, तेव्हाही आतल्यांना सावध केलं ते अशाच एका मोटारसायकलवाल्याने. आत बसणारा नाकावर विश्वास ठेवत नाही, त्याला कुणीतरी डोळ्याने बघून सांगावं लागतं.

गाडी कडेला, किल्ली बंद. आईला काकांनी ओढूनच लांब नेलं.

८:१४

बॅटरीची काळी वायर सोडवायला दहा नंबरचा पाना लागतो. पाना डिकीत, तळाशी. ही वायर राजूरला सोडवली असती तर एका मिनिटाचं काम होतं. आता ती वेळ गेली होती.

"बोनेट उघडू नको!" काका लांबून ओरडले. बंद बोनेटखाली आगीला हवा कमी मिळते. फट ठेवून आत अग्निशामक मारायचा असतो. तो आमच्याकडे नव्हता, कधीच नव्हता.

८:१७

मी बोनेट उघडलं. बॅटरीमागचा कापूस भक्कन पेटला आणि माझ्या भुवया गेल्या.

८:५०

शेजारच्या शेतातली माणसं धावत आली होती. फावड्यांनी मुरूम आणि माती टाकून त्यांनी आग दाबली. पुढचा भाग काळा सांगाडा, मागच्या सीटवरच्या साड्या शाबूत, फक्त धुराने वास मारणाऱ्या. आई त्या एकेक झटकून बघत होती.

आग स्टिअरिंगपर्यंत पोचली नव्हती. काकांनी मोबाइलच्या उजेडात फ्यूज बॉक्स उघडला आणि हिरवा फ्यूज उपसून काढला. बोटात धरून उलटसुलट केला. मधली पट्टी अखंड होती.

"खिशात ठेव," ते म्हणाले. "विम्याचा माणूस विचारील."